चावीचं घड्याळ आणि कलमाचा चाकू

बाबांना कुणी वेळ विचारली की ते मनगट पुढं करायचे. "पाय ना तूच," म्हणायचे, आणि विचारणारा वाकून पाहायचा. लोकांना वाटायचं, माणूस मोकळा आहे, घड्याळाची ऐट नाही. खरं कारण घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बाबांना घड्याळ वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. सेलूला आमची चार एकर जमीन होती, त्यात कापूस आणि तूर. पण हिवाळा लागला की बाबा आर्वी-कारंज्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये संत्र्याचे डोळे बांधायला जायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधून टाकायचा. एका हंगामात त्यांनी बांधलेले जवळजवळ सगळेच डोळे फुटले. नर्सरीच्या मालकानं स्वतःच्या हातातलं चावीचं घड्याळ काढलं आणि सगळ्या मजुरांसमोर बाबांच्या मनगटाला बांधलं. पांढरी तबकडी, स्टीलची गोल डबी, काळा पट्टा. दोन वर्षं बाबांनी ते वाचता न येता वापरलं.

वाचायला त्यांना मी शिकवलं. मी तेव्हा तिसरीत होते. चुलीसमोरच्या सारवलेल्या जमिनीवर राखेनं एक मोठा गोल काढला, बारा जागी बारा चिंचोके ठेवले आणि तुऱ्हाटीच्या दोन काड्या मोडून काटे केले. आई भाकरी थापत असायची, तव्याखालचा धूर आमच्यावर यायचा, आणि बाबा डोळे चोळत काड्या फिरवत बसायचे. साडे आणि पावणे त्यांना लवकर जमलं. मिनिटांवर गाडी अडली. "एका ठिकानी एक लिव्हलं हाय आन तू म्हनते पाच, हे कोन्तं गनित?" असं म्हणून ते खरोखर चिडायचे. पंधरा-वीस दिवस गेले. मग एका दुपारी आम्ही बसस्टँडवर उभे असताना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला, त्यानं काही विचारलेलं नसताना, मोठ्यानं सांगितलं, "चार वाजून बावीस मिन्टं झाले." तो माणूस बिचारा "बरं" म्हणाला. बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण घरी येईस्तोवर माझं बोट सोडलं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे त्यांचा कलमाचा चाकू. घडीचा, शिसमाच्या मुठीचा, पातं बोटाएवढंच पण कागदासारखं पातळ. मुठीच्या मागच्या टोकाला हाडाची गुळगुळीत पट्टी होती, साल उचलायला. सकाळी चहा होण्याआधी बाबा आधी घड्याळाला चावी द्यायचे, आणि ती कर्र-कर्र थांबली की दुसरा आवाज सुरू व्हायचा, दगडावर पातं फिरल्याचा. मग पात्याला जवसाच्या तेलाचं बोट. आई म्हणायची, "एवढी सेवा मायी केली असती त मी रानी झाली असती." माझी झोप ह्या दोन आवाजांनी मोडायची. आज पिपरी मेघेच्या माझ्या घरात सत्तेचाळीस घड्याळं आणि तेवीस चाकू आहेत. रविवारी सकाळी मी पलंगावर जुनी चादर पसरून ते सगळे मांडते, एकेकाला चावी देते, एकेकाला तेल लावते. सून म्हणते, मोबाईलवर वेळ दिसते ना आई. दिसते. पण मोबाईलला चावी देता येत नाही, आणि त्यानं संत्रं सोलता येत नाही.

मी दहावीत होते त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास बाबांचं घड्याळ मागं पडायला लागलं. दिवसाला दहा मिनिटं, मग पंधरा. बाबा म्हणायचे, दौलतकाकाला दाखवू. दौलतकाका म्हणजे बसस्टँडजवळचे घड्याळजी. पण शेतात वेचणी सुरू होती आणि ते राहून जात होतं. मला वाटलं, घड्याळ वाचायला ह्यांना मी शिकवलं, दुरुस्त करणं त्याहून किती अवघड असणार? एका दुपारी बाबांनी बैल धुवायला जाताना घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलं, चाकूही तिथंच होता. मी दाराची कडी लावली. घड्याळाच्या पाठीवर काठाशी एक बारीक खाच असते, तिच्यात पातं घालून दाबलं की झाकण निघतं, हे मी दौलतकाकांच्या दुकानासमोरून जाता-येता पाहिलेलं होतं. झाकण निघेना. मी जोर लावला. झाकण टण्णकन उडालं आणि त्याच झटक्यात पातं आत गेलं. एका इवल्या चाकाची धडधड मला क्षणभर दिसली होती. ती थांबली. केसासारखी एक स्प्रिंग वाकडीतिकडी होऊन वर आली होती, आणि चाकूच्या टोकाचा तुकडा उडून कुठं गेला ते मला सापडलंच नाही.

बाबा परत आले तेव्हा मी दोन्ही वस्तू ओढणीत धरून ओट्यावर बसले होते. खोटं बोलायचं सुचलं होतं, पण ते जमलं नाही. त्यांनी आधी चाकू पाहिला, अंगठ्यानं त्याचं तुटलं टोक चाचपलं. मग घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. "दुसऱ्या कानाले लावा बाबा," असं मी म्हणाले, आणि माझं मलाच रडू फुटलं. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. जेवायला बसले तेव्हा ताटात गोळ्याची कढी होती, त्यांची आवडती, ती त्यांनी अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनगटावर पट्ट्याची फिकट गोल खूण दिसत होती. शेतात कुणीतरी वेळ विचारली, आणि सवयीनं त्यांनी ते रिकामं मनगट पुढं केलं. ते मी पाहिलं. त्याच ठिकाणी, कापसाची ओटी कमरेला बांधलेली असताना, मी ठरवलं की हे घड्याळ मीच चालू करणार. कसं, ते माहीत नव्हतं.

दौलतकाकांचं दुकान म्हणजे लाकडी खोकं. आत एक टेबल, टेबलावर काचेची झाकणं, आणि मागं दहा-बारा भिंतीवरची घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. काका साठीचे, विधुर, स्वभावानं फटकळ. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "बॅलन्सचा, ह्या धडधडत्या चाकाचा, आस तुटला. स्प्रिंगचा त जीवच घेतला तू. ह्या कंपनीचा सामान येनं बंद झाला पोरी. बापाले सांगजो, सेलवालं घेऊन टाका."

"दुसऱ्या घड्याळातून काढून बसवता येते का?"

"ह्याच जातीचं असंन त येते. पन कोन बसवनार? मायी नजर पाय. डाव्या डोळ्यात मोती उतरून राह्यला."

"मी बसवीन. तुम्ही सांगा फक्त."

काका हसले. "बाईमानसाचं काम नाई हे. जाय घरी."

मी घरी गेले नाही. खोक्याच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांच्या हातातला एक स्क्रू खाली पडला, मोहरीच्या दाण्याहून लहान. काका गुडघ्यांवर बसून चाचपत राहिले. मी पायरीवरूनच सांगितलं, "तुमच्या चपलीच्या डाव्या बाजूले हाय." त्यांनी तो उचलला, माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ माझ्या मांडीवर टाकलं. "खोल. मंग जसंच्या तसं लाव. टेबलाजवळ यायचं नाई." गजराचं ते घड्याळ मी पायरीवर, मांडीवर ॲल्युमिनियमची ताटली घेऊन, अकरा वेळा खोललं आणि लावलं. दहा वेळा काही ना काही उरलं.

घरी चाकूचं काम सुरू झालं. बाबांनी स्वतःहून दोन दगड काढून दिले, एक खरखरीत आणि एक लोण्यासारखा मऊ. डोळे बांधायचा हंगाम जवळ येत होता आणि त्या पात्याला टोक नव्हतं. "तोडला तू, त घासनार बी तूच," एवढंच ते म्हणाले. घड्याळ फुटल्यानंतर माझ्याशी ते पहिल्यांदा सरळ बोलले होते. पातं दगडाला किती अंशात धरायचं, ओढताना मनगट कसं वळू द्यायचं नाही, दोन्ही बाजूंनी सारखं कसं मोजायचं, हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. माझी बोटं सोलली. आठ दिवसांनी ते पातं थोडं आखूड पण धारदार झालं. बाबांनी जंबेरीची एक काडी आणून तिच्यावर चीर दिली, साल न फाटता उघडली. "होईन काम," ते म्हणाले. मला कुणी शाबासकी दिली असती तर एवढं बरं वाटलं नसतं.

तिथूनच मला मार्ग सुचला. तेव्हा सेलची घड्याळं घरोघरी आली होती आणि चावीची घड्याळं पेट्यांच्या तळाला पडली होती. मी आठवडी बाजारात दोन दगड घेऊन बसायचं ठरवलं. विळा, सुरी, चाकू, काहीही आणा, धार लावून देते, बदल्यात घरातलं बंद घड्याळ द्या. आई ऐकून हादरली. "बाजारात बसशील? चाकू घेऊन? लोक का म्हनतीन?"

"लोकायचे विळे बोथट हायेत, ते का म्हनतीन?" मी म्हणाले.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी मात्र तिनं फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधला, बसायला पोतं दिलं आणि म्हणाली, "सावलीत बसजो. आन केसं बांधून घे."

पहिल्या बाजारी लोक नुसते पाहून गेले. "हे पाय, पोट्टी धार लावून राह्यली," म्हणत बायका थांबायच्या, हसायच्या. तिसऱ्या बाजारापासून घड्याळं यायला लागली. सिंदी मेघेहून एक मास्तरीण पुतण्याच्या लग्नातलं घड्याळ घेऊन आली. कुणी काच फुटलेलं आणलं, कुणी नुसती डबी. काही जणांनी घड्याळ नाही म्हणून मोडके चाकू दिले: एकाची मूठ शिंगाची होती, एकाला पितळेची मासोळी जडवलेली होती, एक फिरत्या गाडी-लोहारांनी ट्रकच्या कमानपट्टीच्या लोखंडातून केलेला होता. ते मला लागत नव्हते, पण टाकवेनात. मी त्यांचा गंज काढला, तेल दिलं आणि बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले. आज जे तेवीस आहेत त्यातले नऊ त्या हिवाळ्यातले. छंद म्हणून मी काहीच सुरू केलं नव्हतं. मला फक्त एक भाग हवा होता.

बाबांच्या घड्याळाच्या जातीचं पहिलं घड्याळ जानेवारीत मिळालं. मी घाई केली. काका "थांब, थांब" म्हणत असताना चिमटा स्प्रिंगला लागला आणि तीही गुंतली. काकांनी चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. मी पंधरा दिवस नुसते गजराचे स्क्रू लावत बसले. बाबा तोवर हंगामावरून परतले होते, आणि घड्याळाचं नावही काढत नव्हते.

मग फुलाबाई आली. बोर धरणाकडच्या जंगलाला लागून असलेल्या वस्तीतली ही गोंड बाई बाजारात झाडू विकायची. सोबत नणंद असायची, दोघी आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून घडीचा चाकू काढला. बांबूच्या गाठीची मूठ, तिच्यावर तापल्या सळईनं उमटवलेल्या ठिपक्यांची रांग. "मालकानं केलता," ती म्हणाली. मालक म्हणजे नवरा. जंगलखात्याच्या कामावर होता, दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. मी मन लावून धार दिली. बदल्यात काय, ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याचं घड्याळ हाय. बंद हाय. आनतो."

पुढच्या बाजारी तिनं पदराची गाठ सोडली. पांढरी तबकडी, स्टीलची गोल डबी. बाबांचंच जणू. "घेऊन जाय," फुलाबाई म्हणाली, "बंद वस्तू ठेवून का करू?" पण गाठ सोडल्यावर ती घड्याळाकडं पाहत जराशी थांबली, आणि मग झाडूंकडं वळली.

मी बाजार अर्धा टाकून पळत काकांकडं गेले. ह्या वेळी घाई केली नाही. झाकण नीट काढलं. आत काहीही तुटलेलं नव्हतं. तेल सुकून काळं गोंदासारखं झालं होतं, बाकी चाकं, आस, स्प्रिंग, सगळं शाबूत. काकांनी भिंगातून पाहिलं. "धुतलं त चालते हे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बॅलन्स काढ. नशीब उघडलं तुयं."

मी चिमटा हातात घेतला आणि ठेवला.

"का झालं?"

"काका, हे चालू होते."

"होते त होते. तिनं दिलं तुले. चोरलं का तू?"

"तिले वाटते हे मेलं हाय. म्हनून दिलं तिनं."

काका वैतागले. "चार महिने झाले बाजारात बसून राह्यली तू. ह्याच जातीचं दुसरं कवा भेटन? बापाचं घड्याळ पायजे का नाई?"

पाहिजे होतं. बाबांचं रिकामं मनगट मला दिसत होतं, आणि गाठ सोडून थांबलेली ती बाईही. माझं मन सरळ नव्हतं, हे आज कबूल करते. तिला काय कळणार आहे, हे वाक्य माझ्या मनात दोनदा येऊन गेलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. मी वाटीत पेट्रोल ओतलं. एकेक चाक काढून धुतलं, पुसलं, काचेच्या झाकणाखाली ओळीनं ठेवलं. तीन दुपारी लागल्या. तेल कुठं आणि किती, ते काका बोटानं दाखवत राहिले. चौथ्या दुपारी चावी दिली आणि चाक धडधडायला लागलं. मी माझ्या हातांनी चालू केलेलं ते पहिलं घड्याळ.

घरी बाबांना सगळं सांगितलं. सकाळी त्यांनी सायकल काढली. "बस मांगं. बाजाराची वाट काऊन पाहायची?"

वस्ती दोन तासांवर होती. फुलाबाई अंगणात सिंदीची पानं चिरत होती, झाडूसाठी. आम्हाला पाहून ती घाबरलीच, घड्याळात काही खोट निघाली असं तिला वाटलं. मी ते तिच्या हातावर ठेवलं. तिनं पाहिलं, सेकंदाचा काटा फिरत होता. तिनं ते कानाला लावलं आणि खाली बसली. नणंदेला हाक मारली, तिच्याही कानाला लावलं. दोघी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या.

"तुले पायजे होतं ना हे?" तिनं मला विचारलं.

"बंद असतं त पायजे होतं."

"किती दिवस चालन?"

"रोज सकाळी चावी देजो. चालत राहीन."

"आन मी इसरली त?"

"त थांबन. पुन्हा चावी दे, पुन्हा चालन."

तिनं आम्हाला गुळाचा काळा चहा दिला, सोबत भाजलेल्या मोहफुलांची मूठ. निघताना तो बांबूच्या मुठीचा चाकू माझ्या हातात कोंबायला लागली. मी नको म्हणाले, तिच्या रोजच्या कामाचा होता. तिनं माझी बोटं मिटवली. "मालकानं दोन केलते," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली, तेव्हा मी घेतला.

बाबांचं घड्याळ पुढच्या दिवाळीनंतर सुरू झालं, वर्ध्याच्या एका भंगारवाल्याकडं सापडलेल्या भागानं. तो मीच बसवला, आणि बाबांनी ते शेवटपर्यंत वापरलं. पण माझ्या आयुष्याचा सांधा बदलला तो फुलाबाईकडं गेलो त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर. सेलूत शिरल्यावर सायकल घराकडं वळली नाही, बसस्टँडकडं गेली. दौलतकाकांच्या खोक्यापुढं बाबांनी ती उभी केली.

"दौलतभाऊ, हिले पायरीवर काऊन बसवता?"

काका चपापले. "लोक बोलतीन नं भाऊ. पोरीची जात. तुमचंच नाव निंघन."

"माया नावाचं मी पाहून घेईन. शिकवता का नाई, तेवढं सांगा."

काकांनी चष्मा काढला, पुसला. माझ्याकडं पाहत म्हणाले, "शिकली हाय ते अर्धी. उद्यापासून ये."

"उद्या कायले?" बाबा म्हणाले. "आजचा दिवस पडला हाय अजून."

काका उठले आणि टेबलासमोरचं स्टूल त्यांनी सरकवून दिलं. मी चपला काढून आत गेले. बाबा बाहेर सायकलला टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं एक बाई आली, तिच्या हातात लहानसं बायकी घड्याळ होतं. ते तिनं माझ्या डोक्यावरून मागं बसलेल्या काकांकडं धरलं. काकांनी बोटानं मला दाखवलं. बाई मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली, घड्याळ तिच्या मुठीतच. मी भिंग डोळ्याला लावलं, हात पुढं केला आणि विचारलं, "थांबते, का मांगं पडते?"